डॅक घेताना : चिप कोणती आणि बॅटरी कशासाठी?

डॅकविषयी इतकी पत्रं साठली आहेत की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सीडीत, मोबाइलमध्ये किंवा संगणकात असलेलं संगीत म्हणजे आकडे. त्या आकड्यांपासून व्होल्टेज तयार करणारं यंत्र म्हणजे डॅक. ते फोनच्या आत नखाएवढ्या जागेत मावतं आणि दिवाणखान्यात ठेवायचं म्हटलं तर काही लाखांचंही मिळतं. बहुतेक पत्रांत दोनच गोष्टी विचारल्या आहेत: आतली चिप कुठली असावी, आणि बॅटरीवर चालणारा डॅक खरोखर चांगला वाजतो का.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. फंडाच्या पैशातून एकदाच चांगला डॅक घ्यायचा आहे. दुकानदाराने दोन ऐकवले. एकात ईएसएसची ९०३८ प्रो चिप आहे, दुसऱ्यात एकेएमची एके ४४९९. त्यांचं म्हणणं, ईएसएसचा आवाज कोरडा आणि एकेएमचा मखमली. मी मुख्यतः किशोरीताई आणि मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो. कोणती चिप घेऊ? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण दुकानात दोन डबे ऐकलेत आणि आपल्याला नावं सांगितली गेली दोन चिपची. हे आधी सांगते, कारण चिपच्या नावापायी लोकांचे कष्टाचे पैसे चुकीच्या जागी जाताना बघून मला मनापासून वाईट वाटतं.

ईएसएस कॅलिफोर्नियातली. एकेएम म्हणजे जपानची असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस. या दोन्ही चिप त्या त्या कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या आणि दोन्ही डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या. म्हणजे चोवीस बिटांचा (शून्य-एकच्या चोवीस घरांचा) आकडा एका फटक्यात व्होल्टेजमध्ये न बदलता मोजक्याच पायऱ्यांवर प्रचंड वेगाने वरखाली करायचं, आणि त्यातून होणारा गोंगाट २० किलोहर्ट्झच्या वर, कानाला न पोचणाऱ्या भागात ढकलून तिथे गाळून टाकायचा. सगळे चॅनल एकत्र जोडून मोनोत वापरल्या तर दोन्ही कंपन्या १४० डेसिबल असा आकडा देतात, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आणि चिपचा स्वतःचा गोंगाट यांच्यातलं अंतर. डब्यामागच्या सॉकेटवर मोजलं तर मात्र उत्तमातला उत्तम डॅकही १२० ते १३० डेसिबलच्या आसपास थांबतो, म्हणजे, एका बिटाला साधारण सहा डेसिबल धरले तर, चोविसांपैकी वीस-एकवीस बिट.

उरलेले बिट कुठे जातात? २ व्होल्टच्या आउटपुटवर चोविसाव्या बिटाची पायरी येते ०.३४ मायक्रोव्होल्ट. एक किलोओहमचा साधा रेझिस्टर कशालाही न जोडता टेबलावर ठेवला, तरी खोलीच्या तापमानामुळेच त्याच्या दोन टोकांत, ऐकू येणाऱ्या पल्ल्यात, ०.५७ मायक्रोव्होल्ट गोंगाट असतो. चिपच्या बाहेर असे रेझिस्टर लागतातच. तेव्हा चिपचा छापील आकडा आपल्या घरापर्यंत पोचत नाही, आणि दोन चिपमधला फरक तर त्याहून लहान आहे.

मग दुकानात ऐकू आला तो फरक कशाचा? या दोन्ही चिप व्होल्टेज देत नाहीत, करंट देतात. त्या करंटचं व्होल्टेज करणारा ऑप-ॲम्पचा (छोट्या ॲम्प्लिफायर चिपचा) टप्पा डबा बनवणाऱ्याचा असतो. तिथला एक रेझिस्टर किंवा कपॅसिटर जरा इकडचा तिकडे झाला की विकृती, म्हणजे मूळ गाण्यात नसलेल्या सुरांची भेसळ, वाढते. ईएसएसच्या चिप वापरलेल्या अनेक स्वस्त डॅकमध्ये मधल्या आवाजपातळीला अशी विकृती मोजमापात ठळक दिसली आणि बनवणाऱ्यांनी हाच टप्पा बदलून ती घालवली. चिप तीच राहिली. शिवाय प्रत्येक चिपमध्ये चार-सहा डिजिटल फिल्टर असतात, त्यातला कुठला लावलाय ते दुकानदार सांगत नाहीत. आणि दोन डब्यांची आउटपुट पातळी सारखी नसेल तर मोठा वाजणारा डबा नेहमीच जास्त ‘भरीव’ वाटतो.

२० ऑक्टोबर २०२० रोजी जपानच्या मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली. ती काही दिवस धुमसत होती. जगभरच्या डॅकवाल्यांचा चिपचा पुरवठा थांबला आणि अनेकांना आपली चालू मॉडेलं ईएसएस किंवा दुसऱ्या चिपवर नव्याने बेतावी लागली. ज्यांनी वीजपुरवठा आणि आउटपुटचा टप्पा नीट बांधला, त्यांच्या नव्या मॉडेलांची मोजमापं जुन्यांच्या तोडीस तोड आली. चिपच्या नावातच आवाज असता तर असं झालं नसतं.

आता ज्यावर मी खरंच जोर देईन ते सांगते. डॅक चिप काय करते? आलेला आकडा एका स्थिर व्होल्टेजने गुणते. त्या व्होल्टेजला रेफरन्स म्हणतात. ईएसएसच्या चिपमध्ये तर ॲनालॉग भागाचा वीजपुरवठा हाच रेफरन्स असतो. तंबोराच हलला तर गाणारा कितीही तयारीचा असो, सूर लागलेला वाटत नाही. रेफरन्सचं तसंच आहे. रेफरन्सवरची थरथर गाण्याशी गुणली जाते. त्यामुळेच ती गाणं बंद असताना मोजली तर दिसत नाही, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. गाणं सुरू झालं की ती प्रत्येक सुराच्या दोन्ही बाजूंना चिकटते. हे व्होल्टेज स्थिर ठेवतो तो रेग्युलेटर. एलएम ३१७ हा जुना, सर्वत्र मिळणारा रेग्युलेटर ५ व्होल्टला साधारण १५० मायक्रोव्होल्ट गोंगाट करतो. एलटी ३०४५ सारखा आजचा रेग्युलेटर १ मायक्रोव्होल्टच्याही खाली, ०.८ वर असतो. एकाच चिपच्या दोन डब्यांत एवढा फरक असू शकतो.

तेव्हा दुकानदाराला चिपचं नाव नका विचारू. चिपच्या रेफरन्सला वेगळा रेग्युलेटर आहे का, तो कुठला, आणि डबा आठवडाभर घरी ऐकायला देऊन पसंत न पडल्यास परत घ्याल का, एवढं विचारा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना देता आली नाहीत तरी चालेल. तिसऱ्याचं उत्तर मात्र ‘हो’ असायलाच हवं.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांचा फिलिप्सचा सीडी प्लेअर आहे, टीडीए १५४१ए चिपचा. एक गृहस्थ त्यात ‘क्राउन’ छापाची एस१ चिप बसवून देतो म्हणतात. चिपची किंमत ऐकून छातीत धस्स झालं. बसवावी का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. आणि वडिलांचा प्लेअर जपून ठेवलात याचं फार बरं वाटलं.

त्या चिपचा इतिहास मला प्रिय आहे म्हणून दोन वाक्यं जास्त लिहिते. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा फिलिप्सची चिप १४ बिटांचीच होती, टीडीए १५४०. चौपट वेगाने नमुने घेऊन आणि गोंगाट वरच्या फ्रिक्वेन्सीला ढकलून तिच्याकडून १६ बिटांचं काम करवून घेतलं होतं. वर ज्या डेल्टा-सिग्मा पद्धतीबद्दल लिहिलं तिचं बीज तिथे दिसतं. पुढे १९८५ च्या सुमारास खरी १६ बिटांची टीडीए १५४१ आली आणि मग तिची सुधारलेली आवृत्ती ‘ए’. १६ बिटांच्या चिपमध्ये सगळ्यात मोठ्या बिटाचा करंट पासष्ट हजारांत एक, म्हणजे ०.००१५ टक्के एवढा अचूक लागतो. नुसत्या सिलिकॉनवर तेवढी अचूकता त्या काळी बसवता येत नव्हती. फिलिप्सच्या अभियंत्यांनी करंटचे स्रोत सतत आलटूनपालटून वापरायची युक्ती काढली, म्हणजे प्रत्येकाची चूक सरासरीत विरते. त्यासाठी चिपभोवती १४ छोटे कपॅसिटर असतात. तुमच्या प्लेअरचं झाकण उघडलंत तर २८ पिनांच्या चिपच्या दोन्ही बाजूंना ते रांगेत दिसतील.

एस१ म्हणजे कारखान्यात मोजून निवडलेली, जास्त अचूक निघालेली हीच चिप. तिचं उत्पादन बंद होऊन खूप वर्षं झाली. आज बाजारात जुन्या चिपवरची अक्षरं घासून मुकुट छापलेला मालही फिरतो, आणि मोजमापाच्या उपकरणाशिवाय तो ओळखता येत नाही. आणि मुळात इतक्या वर्षांत तुमच्या प्लेअरमध्ये थकलेत ते वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. चिप शाबूत असते. तेवढे कपॅसिटर चांगल्या कारागिराकडून बदलून घ्या, लेन्स पुसून घ्या. त्या चिपला +५, −५ आणि −१५ असे तीन व्होल्टेज लागतात. तिन्ही स्वच्छ झाले की वडिलांनी ऐकला तो आवाज परत येईल.

याच चिपला बॅटऱ्या लावून देतो असंही कुणी म्हणेल. तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या एका वेगाने उतरत नाहीत. एक आधी बसली आणि बाकीच्या दोन चालू राहिल्या तर न मिळणारी चिप धोक्यात. इतकी जोखीम त्या प्लेअरवर घेऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे लाइट वारंवार जाते. इन्व्हर्टर आहे. लाइट गेल्यावर माझा डॅक बॅटरीवर चालतो असं समजायचं का? (लातूर)

उत्तर : नाही. इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टपासून पुन्हा २३० व्होल्टची एसी बनवतो, आणि ती बनवताना आत वेगाने चालूबंद होणारे स्विच वापरतो. डॅकला तो घरातल्या विजेसारखाच, बऱ्याचदा तिच्याहून वाईट. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणताना ऐकू येईल, कारण त्या चौकोनी लाटेत ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० असे सगळे विषम गुणक असतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर खुशाल ऐका. स्क्वेअर वेव्ह असेल तर लाइट येईपर्यंत हेडफोन आणि फोन बरे.

प्रश्न : मोठ्या हौसेने बॅटरीवर चालणारा डॅक घेतला. लॅपटॉपला यूएसबीने जोडला आहे. लॅपटॉप चार्जरवर असला की बारीक गुणगुण येते, चार्जर काढला की जाते. बॅटरीचा डॅक असून असं का? मला फसवलं का? (ठाणे)

उत्तर : फसवलं नाही. तुमचा डॅक बॅटरीवरच चालतो आहे. पण तुम्हीच यूएसबीच्या वायरने त्याला परत घरातल्या विजेशी जोडलंत.

हे नीट उलगडून सांगते, कारण बॅटरीचा खरा फायदा इथेच कळतो. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम टाकलेला असतो, रेडिओत खरखर जाऊ नये म्हणून. त्यातून एक बारीक करंट कायम गळत असतो. दोन पिनांच्या चार्जरवर असलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की झिणझिण्या जाणवतात, तो हाच. हा करंट साधारण मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा. तो यूएसबीच्या ग्राउंडमधून डॅकमध्ये येतो, डॅकमधून आरसीए वायरच्या (ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या नेहमीच्या ऑडिओ वायरच्या) बाहेरच्या जाळीमधून ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि तिथून अर्थिंगला.

आता आकडे मांडू. जाळी आणि सॉकेट मिळून ०.१ ओहम धरा. ०.१ मिलिअँपिअर गुणिले ०.१ ओहम म्हणजे १० मायक्रोव्होल्ट. आरसीए जोडणीत ही जाळी सिग्नलच्या परतीची वाट असल्यामुळे ते १० मायक्रोव्होल्ट थेट गाण्यात मिसळतात. २ व्होल्टच्या तुलनेत ते −१०६ डेसिबल. म्हणजे १२० डेसिबलचा डॅक लॅपटॉपच्या चार्जरमुळे १०६ चा झाला, चिप कुठलीही असली तरी. चार्जर तीन पिनांचा असेल आणि ॲम्प्लिफायरही अर्थ केलेला असेल, तर दोन अर्थिंगमधून एक मिलिअँपिअरही सहज फिरतो. मग ती गुणगुण −८६ डेसिबलवर येते आणि रात्रीच्या शांत खोलीत, विशेषतः संवेदनशील स्पीकरवर, कानाला लागते.

बॅटरीला घराच्या विजेशी जोडणारी एकही वायर नसते. मोठेपण त्यातच आहे. ते टिकवायचं असेल तर सिग्नलही अशा वाटेने न्या जिथून करंट वाहू शकणार नाही. ऑप्टिकल, म्हणजे टॉसलिंक केबल, हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त मार्ग. लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट नसेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो, तो सिग्नल जाऊ देतो पण विजेची जोडणी तोडतो. हाय-स्पीड यूएसबीला चालणारा आहे ना ते विचारून घ्या, जुने बरेचसे मंद गतीचेच असतात. तिसरा मार्ग तुम्ही स्वतःच शोधला आहे: ऐकताना चार्जर काढून ठेवणं. माझ्या मते तो उत्तम आहे.

एक आणखी. बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या डॅकमध्ये आत एक-दोनच लिथियम सेल असतात आणि ऑप-ॲम्पना लागणारे अधिक-उणे व्होल्टेज बनवायला आत स्विचिंग कन्व्हर्टर असतो. सेलची शांतता तिथेच संपते. तो कन्व्हर्टर नीट बांधून त्याचा गोंगाट गाळणारे अभियंतेही आहेत, त्यामुळे असे सगळे डॅक वाईट असं मी म्हणणार नाही. पण डब्यावरचा ‘बॅटरी’ हा शब्द वाचून सेलपासून चिपपर्यंत सरळ तार गेली आहे असं समजू नका.

प्रश्न : मॅडम, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ईएसएस ९०३८ क्यू२एम चिपचा तयार बोर्ड घेऊन लिथियम आयर्न फॉस्फेट सेलवर डॅक बनवतोय. सेल थेट चिपला जोडू का? रेग्युलेटर घातला तर बॅटरीचा फायदा जातो असं ऐकलं. (कराड)

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. सविस्तर लिहिते.

सेल तू बरोबर निवडलास. हा सेल ३.२ व्होल्टचा आणि बहुतेक वेळ ३.२ ते ३.३ च्या मध्येच राहतो, जवळजवळ शेवटपर्यंत. ३.३ व्होल्ट मागणाऱ्या चिपला तो मापात बसतो. साधा लिथियम-आयन सेल ४.२ पासून ३ पर्यंत घसरतो, तो असा थेट चालणार नाही. पण तुझा सेलही चार्जरवर असताना ३.६५ व्होल्टपर्यंत चढतो आणि चार्जर काढल्यावर खाली यायला वेळ घेतो. डेटाशीटमधली कमाल मर्यादा वाच आणि सेल स्थिरावल्याशिवाय चिपला लावू नकोस.

रेग्युलेटरने फायदा जातो हे मला पटत नाही. एलटी ३०४५ सारख्या रेग्युलेटरचा ०.८ मायक्रोव्होल्ट गोंगाट तुझ्या बोर्डवरच्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा कमी असेल. दोन सेल एकापाठोपाठ जोड, म्हणजे ६.४ व्होल्ट, आणि त्यापुढे हा रेग्युलेटर लाव. चिप सुरक्षित राहील, व्होल्टेज हलणार नाही आणि वेगळेपणाचा फायदा जसाच्या तसा राहील, कारण रेग्युलेटर काही घरच्या विजेला जोडलेला नसतो.

सेल थेट लावणारे एक गोष्ट विसरतात: वायर. सेलचा अंतर्गत रोध काही मिलिओहम असतो, हे खरं. पण वायरला इंडक्टन्स असतो, मीटरला अंदाजे एक मायक्रोहेन्री. वीतभर वायरचे झाले ०.२ मायक्रोहेन्री, आणि १० मेगाहर्ट्झला त्याचे होतात १२ ओहमहून जास्त. तुझ्या बोर्डवरचा क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारा भाग, २२.५७९२ किंवा २४.५७६ मेगाहर्ट्झसारखा असेल, म्हणजे चिप त्याच वेगाने करंटचे घोट मागणार. त्या वेगाला बॅटरी चिपपासून कोसभर दूर आहे. तेव्हा चिपच्या अगदी पिनेला चिकटून कपॅसिटर हवाच, बॅटरी असो की नसो. ॲनालॉग, डिजिटल आणि क्लॉक यांना वेगवेगळे सेल देता आले तर दे. पैसे एकाचेच असतील तर ते ॲनालॉगला, म्हणजे रेफरन्सला दे.

ऑप-ॲम्पसाठी चार-चार सेल दोन्ही बाजूंना लावलेस की ±१२.८ व्होल्ट मिळतात. बूस्ट कन्व्हर्टर घेऊ नकोस, नाहीतर वर ठाण्याच्या वाचकांना लिहिलं तेच तुझ्या डब्यात होईल.

चार्जरचं बटण बंद करून भागत नाही. ऐकताना चार्जरच्या दोन्ही वायरी रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) तोड. एकच तोडलीस तर चार्जरमधल्या त्या छोट्या कपॅसिटरला ग्राउंडची वाट मोकळीच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सेल शॉर्ट झाले तर क्षणभरात शंभराहून जास्त अँपिअर देऊ शकतात. वायर लाल होते, इन्सुलेशन पेटतं. फ्यूज सेलच्या टोकाला लाव, बोर्डाच्या टोकाला नव्हे, कारण मधली वायरच शॉर्ट होऊ शकते. एकापाठोपाठ जोडलेल्या सेलच्या प्रत्येक संचाला बीएमएस बोर्ड (सेलवर लक्ष ठेवून वेळेवर तोडणारं सर्किट) लाव, २.५ व्होल्टच्या खाली सेल जाऊ देऊ नकोस. हातातली अंगठी, कडं काढून काम कर.

झाल्यावर मोज. कॉलेजात महागडा ॲनालायझर नसेल तर कुणाचा तरी चांगला ऑडिओ इंटरफेस आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. डॅकमधून १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर सोड आणि एफएफटी, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे तो आलेख, बघ. ९०० आणि ११०० हर्ट्झला दोन्ही बाजूंनी टोकं दिसली तर रेफरन्सवर १०० हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजची थरथर) आहे, जो घरच्या विजेवर चालणाऱ्या पुरवठ्यात असतो. बॅटरीवर ती टोकं गेली पाहिजेत. नुसतं ५० हर्ट्झवर टोक दिसलं तर दोष ग्राउंडच्या वाटेत आहे, पुरवठ्यात नाही. दोन्ही आलेख, मेन्स अडॅप्टरचा आणि बॅटरीचा, मला पाठव. या सदरात छापायला मला आवडेल.

प्रश्न : ‘चिप नसलेला डॅक’ अशी जाहिरात वाचली. चिपशिवाय डॅक कसा असेल? (नाशिक)

उत्तर : तयार डॅक चिप नसलेला, असा अर्थ घ्या. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या कॉर्ड कंपनीसाठी रॉब वॉट्स हे अभियंता एफपीजीए नावाच्या, हवं तसं घडवता येणाऱ्या चिपमध्ये स्वतःचं फिल्टर लिहितात आणि आउटपुट सुट्या भागांनी बांधतात. २०१४ चा ह्यूगो आणि २०१५ चा मोजो हे त्यांचे बॅटरीवर चालणारे डॅक त्याच पद्धतीचे. केंब्रिजची डीसीएस कंपनी एकाच मापाचे अनेक रेझिस्टर आलटूनपालटून वापरते. काही जण सुट्या रेझिस्टरची शिडी रचतात. अमेरिकेतल्या शीट कंपनीने तर प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी बनलेली एडी ५७९१ ही २० बिटांची चिप संगीतासाठी वापरली. मला या साऱ्यांबद्दल आदर आहे. पण रेफरन्स व्होल्टेज यांतल्या प्रत्येकाला लागतो, आणि म्हणून पुण्याच्या वाचकांना दिलेलं उत्तर इथेही लागू आहे.

प्रश्न : बॅटरीचा डॅक टेबलावर कायम चार्जरला लावून ठेवला होता. आता त्याचं झाकण वर आलंय. वापरू का? (न्यू जर्सी)

उत्तर : लगेच बंद करा. चार्जर काढा, झाकण दाबू नका, आत टोकदार काही घालू नका. लिथियमची बॅटरी फुगली आहे. घराबाहेर, न पेटणाऱ्या जागेवर ठेवा आणि तुमच्याकडच्या बॅटरी पुनर्वापर केंद्रावर न्या. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. लिथियम-आयन सेल सतत पूर्ण भरलेला आणि गरम राहिला की लवकर म्हातारा होतो. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी उन्हाळ्यात हे जास्त लक्षात ठेवावं. नवा डॅक घेताना बॅटरी बदलून मिळते का, आणि कायम जोडून ठेवलं तर चार्जिंग आपोआप थांबतं का, हे दोन्ही विचारा.

प्रश्न : मी गाणं शिकवते. शिष्याने त्याचा महागडा डॅक आणून ऐकवला. माझ्या जुन्या डॅकपेक्षा तो किती उजळ वाजतो असं तो म्हणाला. मला थोडा फरक वाटला, पण खात्री नाही. माझा कान कमी पडतोय का? (सांगली)

उत्तर : तंबोरा जुळवणारा कान कमी पडतोय असं मी मानणार नाही. कमी पडली ती ऐकण्याची पद्धत. काही डॅक २ व्होल्ट देतात, काही अडीच. एवढ्यानेच आवाज जवळपास २ डेसिबलने मोठा होतो, आणि तो मोठा न वाटता उजळ वाटतो.

मिरजेत माझ्या घराजवळ तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथे तंबोरा विकत घेणारा माणूस तो आधी आपल्या पट्टीत जुळवून घेतो, मगच जवारी ऐकतो. डॅकचंही आधी जुळवून घ्या. दोन्ही डॅकमधून १०० हर्ट्झचा सूर वाजवा, मल्टिमीटर एसीवर ठेवून आउटपुट मोजा. १०० एवढ्यासाठी, की स्वस्त मीटर वरच्या सुरांना नीट मोजत नाहीत. २ व्होल्टला २० मिलिव्होल्टच्या आत दोन्ही आणा. मग शिष्याला पाठीमागे बसवा, त्याने न सांगता डॅक बदलत राहावं आणि तुम्ही फक्त ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ लिहीत जावं. पुरेशा वेळा करा, एकदोनदा जमलं तर तो योगायोगही असू शकतो.

ऐकायला निवडायचं तर ख्यालाचा मधला भाग निवडू नका. नव्या, चांगल्या ध्वनिमुद्रणातला शेवट घ्या, जिथे गाणं थांबतं आणि तंबोऱ्याच्या तारांचा नाद विरत जातो. रेफरन्सचा आणि ग्राउंडचा दोष असला तर तिथे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मी आकाशवाणीत अभियंता होते तेव्हा स्टुडिओच्या नव्या जोडणीची परीक्षाही विरत्या तंबोऱ्यावरच घ्यायचे.

आकाशवाणीच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या टेपा या परीक्षेला घेऊ नका. त्या माझ्या जिवाच्या आहेत, पण गोंगाट कमी करायची सोय नसलेल्या त्या टेपवर फितीची सरसर गाण्यापेक्षा साठेक डेसिबलच खाली असते. तिच्यापुढे १०० डेसिबलचा डॅक आणि १२० चा डॅक यांत फरक करता येत नाही, कुणालाच. तुम्ही ऐकता त्यातलं बरंचसं अशाच टेपांवरून आलेलं असेल तर जुना डॅक ठेवा. शिष्याच्या डॅकएवढे पैसे खर्चायचेच असतील तर त्यातून चांगले स्पीकर येतील, आणि घराची अर्थिंग एखाद्या जाणत्या वायरमनकडून तपासून घेऊनही बरेच उरतील.